मरण्यात तोकुजीचा हात धरणारा कोणी नव्हता

क्योतोतल्या आमच्या उझुमासाच्या बाजारगल्लीत एखादं पोर जेवताना कुरकुर करायला लागलं की त्याची आई म्हणायची, "गुमान जेव, नाहीतर इवामुरो-सानना हाक मारीन." पोर लगेच वाडगा तोंडाला लावायचं. आणि ज्याच्या नावाचा हा धाक घातला जात होता तो इवामुरो तोकुजी त्याच वेळी दोन दुकानं सोडून, मिठाईवाल्याच्या बाकावर बसून, लाल चवळीची गोड खीर फुंकून फुंकून खात असायचा. खीर फार गरम असली की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मी त्याचा न्हावी. छत्तीस वर्षं त्याचं डोकं माझ्या हाताखाली आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा अधिकार त्याच्या बायकोच्या खालोखाल माझा.

चेहरा मात्र खरंच भीती वाटावी असा. चपटं नाक, मधोमध एकमेकींना भिडलेल्या भुवया आणि डाव्या गालावर कानापासून ओठापर्यंत उतरलेला व्रण. तो सुरीचा वार आहे, कोबेच्या बंदरात तिघांशी एकटा लढताना झाला, असं सिनेमावाले सांगत आणि लोक मानत. खरी गोष्ट अशी की तोकुजी तांगोच्या किनाऱ्यावरच्या एका कोळ्याचा तिसरा मुलगा. सहा वर्षांचा असताना थोरल्या भावाने गळ फेकायला हात मागे नेला आणि गळाला माशाआधी भाऊच लागला.

"आई धावत आली," तोकुजी सांगायचा. "आधी गळ बघितला, वाकला तर नाही ना म्हणून. मग माझ्याकडे वळली."

सतराव्या वर्षी तो क्योतोला आला तो सिनेमासाठी नव्हे. आमच्या गल्लीतल्या कुसाकांच्या तोफूच्या दुकानात त्याला काम मिळालं होतं. पहाटे सोयाबीन दळायचं, आणि दहा वाजता सायकलवर पाण्याचा डबा बांधून जवळच्या सिनेमा स्टुडिओच्या खानावळीत तोफू पोहोचवायचा. एका डिसेंबरात स्टुडिओच्या मागच्या ओढ्यात चित्रीकरण चाललं होतं. सामुराईने मारलेली सहा प्रेतं पाण्यात पडायची होती. त्यातलं एक प्रेत सारखं शिंकत होतं. सहाय्यक दिग्दर्शकाने वैतागून इकडेतिकडे पाहिलं, तर समोर सायकल धरून हा उभा.

"ए तोफूवाल्या, शिंक येते का तुला?"

"आत्ता तरी नाही," तोकुजी म्हणाला.

त्याला तसाच कपडे चढवून पाण्यात पालथा घातला. चार तास तो हलला नाही. संध्याकाळी निळा पडून दुकानात परत आला तेव्हा कुसाका चिडून दारातच उभे होते.

"होतास कुठे दिवसभर?"

"मेलो होतो," तोकुजी म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही.

पुढे एकदा मी विचारलं, थंडगार पाण्यात चार तास पडून राहण्यात काय एवढं आवडलं तुला? तो म्हणाला, "सेगावा, तीन भावांतला धाकटा होतो मी. जन्मात पहिल्यांदाच चार तास मला कोणी काम सांगितलं नाही."

तेव्हापासून तो मरायला लागला. सुरुवातीला सामुराईच्या तलवारीने. नट म्हणवणारे बाकीचे लोक तलवार लागली की आडवे व्हायचे आणि घरी जायचे. तोकुजीने मात्र ते मनावर घेतलं. दारूच्या गुत्त्याबाहेर उभा राहून दारुडे कसे पडतात ते बघायचा. मांजर कठड्यावरून उडी टाकताना आधी काय टेकते ते बघायचा. भाड्याच्या खोलीत वरच्या मजल्यावर चटयांवर पडायचा सराव करायचा. खालच्या म्हातारीने घरमालकाकडे तक्रार केली की वर रोज कुणीतरी पोतं आपटतं. हळूहळू तो जिन्यावरून पाठमोरा पडायला शिकला, कागदी दार फोडून पडायला शिकला, पुलाच्या कठड्यावरून गिरकी घेऊन पडायला शिकला. एवढ्या वर्षांत त्याचं एक हाड मोडलं नाही. मोडला तो एकदा दात, आणि तोही आक्रोड फोडताना.

मग सामुराईंचे दिवस सरले आणि दादालोकांच्या चित्रपटांची लाट आली. तिथे तोकुजीचं नशीब उघडलं. व्रण रंगवायचा खर्च वाचतो म्हणून प्रत्येक दिग्दर्शकाला तो हवा असायचा. टोळीचा मुख्य दादा नाही, त्याचा उजवा हात नाही, तर उजव्या हाताच्या मागे, खांबाला टेकून, काडी चावत उभा असतो ना, तो आमचा तोकुजी. पहिल्या अर्ध्या तासात तो कोणाकडे तरी रोखून बघायचा आणि दुसऱ्या अर्ध्या तासात मरायचा. पण मरायचा असा की लोक नायकाला विसरून त्याच्याकडे बघत. छातीत गोळी लागली की आधी स्वतःच्या शर्टाकडे बघायचा, जणू चहा सांडलाय. मग भिंत धरायचा, दोन पावलं टाकायचा, कोणाला तरी काहीतरी सांगायचं राहिलंय असं तोंड उघडायचा, आणि मगच खाली. टाळ्या पडायच्या.

त्याची बायको नोबुए लोणच्यांच्या दुकानात कामाला होती. तो घरी आला की चूल पेटवता पेटवता ती एवढंच विचारायची:

"आज कशाने?"

"सुरीने."

"बरं. भात वाढते."

सार्वजनिक न्हाणीघराचा किस्सा सांगायलाच हवा. एकदा त्याच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत, खरे दादा गोंदवून घेतात तसा, हिरवा ड्रॅगन रंगवला होता. काम उशिरा संपलं म्हणून तो रंग न पुसताच थेट न्हाणीघरात आला. आत आम्ही आठ-दहा जण गळ्यापर्यंत गरम पाण्यात. ड्रॅगन दिसताच चार अनोळखी गिऱ्हाईकं वाकून वाकून माफी मागत बाहेर पडली. तोकुजी त्यांना थांबवायला हात जोडून मागे धावला, तर ती अंगावर पाणी असतानाच रस्त्याला लागली. हा परत येऊन हौदात बसला. थोड्या वेळाने माझ्या शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "सेगावा, माझी छाती हिरवी का दिसतेय?" ड्रॅगन विरघळून सगळ्या हौदात पसरला होता. न्हाणीघराच्या मालकिणीने तोकुजीकडून हौद घासून घेतला. तिला त्याच्या चेहऱ्याची भीती कधीच वाटली नाही. ती तांगोचीच होती, तिने असे कोळी खूप पाहिले होते.

मरता मरता वीस वर्षं गेली. आणि मग होरिउची नावाच्या दिग्दर्शकाच्या मनात आलं की या माणसाला एक वाक्य द्यावं. टोळीच्या दुय्यम दादाची भूमिका. चित्रपटाच्या शेवटापर्यंत जिवंत राहायचं आणि पुलावर उभं राहून म्हणायचं: "हा पूल ओलांडलास, तर परतीची वाट विसर."

त्या महिन्यात आमच्या गल्लीत दुसरं बोलणं नव्हतं. तोकुजी माझ्या खुर्चीत बसायचा. तेव्हा दादालोकांत बारीक कुरळ्या केसांची टूम निघाली होती. तापवलेल्या चिमट्याने एकेक बट वळवायला मला तीन तास लागत. ते तीन तास तो आरशात बघून वाक्य म्हणायचा.

"हा पूल ओलांडलास... सेगावा, 'ओलांडलास'वर थांबू का 'पूल'वर?"

"मान हलवू नकोस, कान भाजेल."

"'वाट'वर जोर देऊ का?"

"दे बाबा कुठेही, पण हलू नकोस."

कान भाजलाच. मासेवाली, कुसाका, पोस्टमास्तर, सगळ्यांचं ते वाक्य पाठ झालं. मासेवाली तर उधारी मागणाऱ्यालाच ते ऐकवायची.

आता तोकुजीच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. त्या चेहऱ्यातून जो आवाज यायचा तो बारीक, गोड आणि जरासा काकुळतीचा. फुलं विकणाऱ्या बाईचा असावा तसा. आम्हाला सवय होती, होरिउचींना नव्हती. वीस वर्षांत कोणी त्याला बोलायलाच लावलं नव्हतं. पुलावर कॅमेरा सुरू झाला, पन्नास माणसं चिडीचूप. तोकुजीने काडी थुंकली, भुवया आवळल्या आणि म्हणाला. पहिल्यांदा प्रकाशवाला हसला. मग नायक हसला, आणि नायक हसला म्हटल्यावर सगळेच हसायला मोकळे झाले.

हे तोकुजीने आम्हाला सांगितलं नाही. चित्रपट लागला तेव्हा अख्खी गल्ली दुकानं बंद करून गेली. नोबुए नवा किमोनो घालून पुढे बसली होती. पूल आला, तोकुजी आला, त्याने तोंड उघडलं, आणि विहिरीतून यावा तसा घुमणारा आवाज थिएटरभर झाला. नोबुए ताडकन उठून उभी राहिली.

"हा कोणाचा आवाज?" ती पडद्याला विचारत होती. "अहो, हे कोण बोलतंय तुमच्या तोंडातून?"

मागच्या रांगेत बसलेला तोकुजी खुर्चीत खाली खाली सरकत गेला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. तीन तास आरशाकडे न बघता बसून राहिला. उठताना म्हणाला, "होरिउची-सानना मी सांगितलंय. यापुढे मला मारत जा. मरणं बरं." मी हसलो नाही. त्या दिवशी मला त्याच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. मग मी माझ्या बायकोला, तोमिएला, सांगून ठेवलं की ते पुलाचं वाक्य आता पुन्हा म्हणायचं नाही. गल्लीतही कोणी म्हटलं नाही. मासेवालीला मात्र सवय मोडायला वर्ष लागलं.

त्यानंतर पाचेक वर्षांनी खरे दादा आमच्या गल्लीत आले. दोघंच होते. एक लांबोडका, चकचकीत शर्टातला, आणि दुसरा ठेंगणा, त्याच्या मागे मागे. वर्षअखेर होती. नववर्षासाठी दारात ठेवायच्या पाइनच्या सजावटी त्यांनी टेम्पोत भरून आणल्या होत्या. त्या घ्यायच्याच, आणि सांगतील त्या भावाने. कुसाका नको म्हणाले तर लांबोडक्याने तोफूच्या हौदात सिगरेट विझवली. दिवसभराचा माल गेला. मासेवालीने पोलीस चौकीत जायचं काढलं, पण दुकान रोज उघडायचं होतं आणि चौकी दोन चौक पलीकडे होती.

कोणाच्या डोक्यात आधी आलं आठवत नाही. माझ्याच आलं असावं, कारण सगळे मला ते सुनावतात. आम्ही पाच-सहा जण तोकुजीकडे गेलो. तो अंगणात मुळे वाळत टांगत होता.

"तुला बोलायचं काही नाही," मी म्हणालो. "नुसता उभा राहा आणि बघ त्यांच्याकडे. खांबाला टेकतोस ना, तसा."

"आणि ते काही बोलले तर?"

"तर अजून जरा बघ."

"सेगावा, मला कोंबड्यांचीसुद्धा भीती वाटते."

"त्यांना कुठे माहीत आहे?"

नोबुए आतून म्हणाली, "जा हो. लोक इतक्या आशेने आलेत. स्कार्फ तेवढा घ्या, गार वारा आहे."

गल्लीच्या टोकाला इनारीचं छोटं देऊळ आहे, पंधरा दगडी पायऱ्या चढून. ते दोघं दुपारी पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यावर बसून डबा खात. तोकुजी पायऱ्या चढला. काळा कोट, कुरळे केस, दातांत काडी. नोबुएने विणलेला पिवळा स्कार्फ मी खालीच काढून घेतला होता. आम्ही मासेवालीच्या दुकानाआडून बघत होतो. तो वर जाऊन खांबाला टेकला आणि बघायला लागला.

आणि ते चाललं! ठेंगण्याच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या. लांबोडका उठून उभा राहिला, शर्ट खाली ओढला आणि जरा वाकून म्हणाला, "आपण कुठल्या टोळीचे, दादा?"

तोकुजी बघत राहिला. लांबोडक्याने पुन्हा विचारलं. तोकुजी अजून बघत राहिला. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र त्याला ते उद्धट वाटलं असावं. कोणी तीनदा विचारलं तर उत्तर द्यावं, असं त्याच्या आईने शिकवलेलं.

"तसा मी इथलाच," तो आपल्या त्या गोड बारीक आवाजात म्हणाला. "तोफूचं काय ते जरा बघता का?"

 मग ठेंगणा असा हसला की त्याचा भात सांडला. लांबोडक्याला, आपण या माणसापुढे वाकलो याची लाज वाटली असणार. त्याने तोकुजीच्या छातीवर हात ठेवून ढकललं. जोरातही नाही, गर्दीत ढकलतात तेवढंच.

पण तोकुजीला पंचवीस वर्षांची सवय. छातीवर धक्का, मागे पायऱ्या. त्याने आधी स्वतःच्या कोटाकडे पाहिलं. मग हवेत हात फिरवला, गिरकी घेतली, आणि पंधराच्या पंधरा पायऱ्या पाठमोरा, डोकं आपटत आपटत, निदान तसं वाटावं अशा आवाजात, खाली आला. तळाशी एकदा उठायचा प्रयत्न केला, एक हात आकाशाकडे नेला, तोंड उघडलं, आणि संपला. डोळे सताड उघडे.

"अरे देवा!" ठेंगणा किंचाळला. "मारलास! माणसाला मारलास तू!"

"मी नुसता हात..."

पुढचं ऐकू आलं नाही. देवळाच्या मागच्या वाटेने दोघं जे पळाले, ते टेम्पोही तिथेच टाकून.

आम्ही धावत गेलो. तोकुजी हलेना. मासेवालीने त्याला हाका मारल्या, कुसाकांनी गालावर पाणी मारलं. पापणी लवत नव्हती.  मीच पाठवलं होतं याला. इतक्यात मागून नोबुए आली, गर्दीतून वाट काढली, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "कट."

तोकुजी उठून बसला. "गेले का ते?"

मी आयुष्यात कोणावर इतका ओरडलो नाही. "पापणी तरी हलवायचीस, गाढवा!"

"मेल्यावर हलवत नाहीत," तो म्हणाला.

गल्ली हसत होती, पण तोकुजी चार दिवस मिठाईवाल्याकडे फिरकला नाही. त्याला वाटत होतं, आपलं हसं झालं. धाक घालायला गेलो आणि मरून आलो. पाचव्या दिवशी त्याचं दार वाजलं. हे मी नोबुएच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. तोकुजी अंगावर ॲप्रन बांधून, हातात गाळणं घेऊन दार उघडायला गेला. दारात करड्या किमोनोतले साठीतले गृहस्थ, हातात मिठाईचा डबा आणि धूपकाड्यांची पेटी. मागे मान खाली घालून उभे ते दोघं.

"आमच्या मुलांकडून फार मोठा अपराध झाला," गृहस्थ कमरेत वाकून म्हणाले. "इवामुरो-सानच्या फोटोपुढे धूप लावायची परवानगी द्यावी."

"मीच इवामुरो," तोकुजी म्हणाला. "आत या ना, चहा होतोच आहे."

मागचा ठेंगणा मटकन खाली बसला. गृहस्थ मात्र तोकुजीच्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिले.

"तुम्ही ते तर नव्हे? मासळीबाजारात, बर्फाच्या लाद्यांवर मरता ते?"

"हो. तो मीच."

"तीनदा बघितलाय तो चित्रपट मी!" गृहस्थ चहाला बसले. निघताना जरा अडखळत म्हणाले, "राग मानू नका, पण एक सांगतो. आमच्यात कोणी इतका वेळ मरत नाही."

"दिग्दर्शक सांगतात तेवढं मरावं लागतं," तोकुजी म्हणाला.

"आणि हा धूप..."

"ठेवा," नोबुए म्हणाली. "पुढेमागे लागेलच."

ते दोघं पुन्हा गल्लीत दिसले नाहीत. ठेंगणा शिकोकूला आईच्या संत्र्याच्या बागेत परत गेला, असं कानावर आलं. तोकुजी मात्र दुसऱ्या दिवशी खीर खायला आला आणि दोन वाट्या खाल्ल्या. मिठाईवाल्याने तिसरी पुढे केली तर म्हणाला, "नको, आज संध्याकाळी छतावरून पडायचंय."

साठीनंतर स्टुडिओने त्याला मारणं कमी केलं. नवीन पोरं तारांना लटकून पडायला लागली. वर्षातून एकदोनदा बोलावणं यायचं, मग तेही थांबलं. तोकुजी घरात नुसता बसून राहायचा. नोबुए सवयीने विचारायची, "आज कशाने?" आणि तो उठून अंगणात जायचा. तिने विचारणं सोडून दिलं.

एका हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या चार म्हाताऱ्यांनी बर्फावर घसरून खुबे मोडून घेतले. पोस्टमास्तर त्यांतलेच, आणि ते पुन्हा उठले नाहीत. त्यांच्या घरून परतताना तोकुजी माझ्याबरोबर चालत होता. मध्येच थांबून म्हणाला, "सेगावा, ते हात टेकून पडले. हात टेकवायचाच नाही. मी त्यांना अर्ध्या तासात शिकवलं असतं."

"मग आम्हाला शिकव."

"बोलावं लागेल."

"आम्हाला तुझा आवाज काय नवा आहे?"

वस्तीच्या सभागृहात दर गुरुवारी सकाळी गाद्या अंथरल्या. पहिल्या दिवशी आठ जण आले, महिन्याभरात चाळीस. सत्तरीच्या बायका कंबरेला पट्टे बांधून रांगेत उभ्या, आणि पुढे तो व्रणाचा दादा आपल्या बारीक आवाजात सांगतोय: "हनुवटी छातीला, आजी. पाठ गोल. घाबरायचं नाही, जमीन काही चावत नाही. हं, आता मरा बघू छान." त्या आवाजाने म्हाताऱ्या अजिबात बिचकत नसत. घुमणाऱ्या आवाजात कोणी सांगितलं असतं तर एकही पडली नसती. मीही जायचो. मला तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "सेगावा, तू मरत नाहीयेस, आडवा होतोयस."

गेल्या फेब्रुवारीत माझी तोमिए बाजारातून येताना ट्रामच्या फाटकापाशी बर्फावर घसरली. हातात भलामोठा पांढरा मुळा. पाठ गोल करून, खांद्यावर वळून, फाटकवाल्याच्या पायाशी जाऊन थांबली आणि आपली आपण उठली. खरचटलंसुद्धा नाही, मुळ्याचे मात्र दोन तुकडे.

गुरुवारी मी तोकुजीला सांगितलं. वाटलं, पाठ थोपटेल. तो गंभीर झाला.

"मुळा का धरून ठेवला, तोमिए-सान? पडताना हातातलं आधी सोडायचं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"फेब्रुवारीत मुळ्याचा भाव माहीत आहे का?" तोमिए म्हणाली. "तुम्हाला काय, तुम्ही रिकाम्या हाताने पडत आलात."

सभागृह हसलं. तोकुजीने मान खाली घालून व्रण खाजवला आणि पुढच्या गुरुवारी सगळ्यांना हातात भाजीच्या पिशव्या घेऊन यायला सांगितलं. मुळ्याचे दोन्ही तुकडे तोमिएने मंद आचेवर शिजवले आणि एक वाडगा नोबुएकडे पाठवला. जरा खारट झालं होतं, असा निरोप आला.